नापास कोण झालं? दोन महायुद्धांमधली ब्रिटिश सैन्यभरती

१९३० च्या दशकाच्या मधल्या वर्षांत ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत आणि संसदेत एक गोष्ट सारखी चघळली जायची. सैन्यात जायला म्हणून भरती कचेरीत येणाऱ्या पोरांपैकी निम्म्याहून जास्त पोरं परत पाठवली जातात. कुणाची छाती भरत नाही, कुणाचं वजन भरत नाही, कुणाचे दात सडलेत, कुणाचा कान वाहतोय. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही असं शाळेत शिकवतात, त्या साम्राज्याच्या राजधानीत बंदूक उचलण्याजोगी पोरं मिळेनात!

मग आला १९३९ चा उन्हाळा. हिटलर दाराशी येऊन ठेपला होता. सरकारने कायदा करून वीस वर्षांच्या सगळ्या मुलांना तपासणीला बोलावलं. गरीब, श्रीमंत, कारकून, खाणकामगार, सगळे आले. डॉक्टरांनी तपासलं आणि निकाल लागला: पाचांतले चार पहिल्या श्रेणीत.

तोच देश, तेच हवामान, तोच पाव आणि तोच चहा. चार वर्षांत पोरांनी असं काय खाल्लं?

उत्तर सरळ आहे, पण ते पटायला जरा वेळ लागतो. भरती कचेरीतला आकडा देशाची तब्येत सांगत नाही. दारात कोण आलं, दारावर कुठली मोजपट्टी लटकवली होती आणि ती कोणाच्या हातात होती, एवढंच तो सांगतो. देशाची तब्येत त्यात असते, पण ताकातल्या लोण्यासारखी. घुसळून काढावी लागते.

केळी खाऊन पास

आपल्याकडच्या भरतीच्या मैदानावर जो कधी पहाटे चारला जाऊन उभा राहिलाय, त्याला हे वेगळं समजवायला नको. माझा एक मावसभाऊ पहिल्या खेपेला वजनात थोडक्यात कमी भरत होता. पुढच्या खेपेला त्याने रांगेत उभ्या उभ्या डझनभर केळी आणि दोन बाटल्या पाणी रिचवलं आणि काट्यावर पास झाला. सकाळी सहाला ते शरीर देशासाठी अपात्र होतं, साडेसातला पात्र! त्याच्या मागचा पोरगा छातीत गेला. टेप लावणाऱ्याने "फुगव, अजून फुगव" म्हणत दोन संधी दिल्या, तरी पाच सेंटीमीटरचा फरक येईना. पोरगा धावण्यात पहिला आला होता.

मोजमापाला एक रेघ लागते आणि ती रेघ माणूसच ओढतो. ब्रिटिश सैन्याने ती किती वेळा हलवली ते पाहा. १८४५ मध्ये शिपायाची किमान उंची ५ फूट ६ इंच होती. १८८३ मध्ये ती ५ फूट ३ इंचांवर आली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९०१ मध्ये ती थेट ५ फुटांवर आणली. इंग्रज माणूस साठ वर्षांत सहा इंचांनी खुजा झाला नव्हता. गिऱ्हाईक कमी झालं की दुकानदार भाव उतरवतो, तसं हे होतं.

सगळ्यात मजेशीर हिशेब १९१४ चा. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा उंचीची अट ५ फूट ३ इंच होती. देशभक्तीच्या लाटेत इतके लोक धावले की त्यांना द्यायला ना कपडे होते, ना बंदुका, ना झोपायला जागा. मग ११ सप्टेंबरला अट ५ फूट ६ इंच केली. गर्दी ओसरली. ऑक्टोबरमध्ये ती ५ फूट ४ इंच केली आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा ५ फूट ३ इंच. म्हणजे ५ फूट ४ इंच उंचीचा एखादा तरुण ऑगस्टमध्ये लायक, सप्टेंबरमध्ये नालायक आणि ऑक्टोबरअखेर पुन्हा लायक. नळाची तोटी कमी-जास्त करावी तसं हे काम चालायचं.

पाच फूट तीनच्या आतल्यांचं काय? डरहॅमकडचा एक बुटका खाणकामगार गावोगावच्या भरती कचेऱ्यांतून नकार घेत बर्कनहेडपर्यंत चालत आला आणि तिथेही नकार मिळाल्यावर म्हणाला, इथल्या कुणाशीही कुस्ती लावा, बघू कोण उरतो ते. ही हकिगत तिथल्या खासदाराच्या, अल्फ्रेड बिगलंडच्या कानावर गेली. त्याने परवानगी मिळवली आणि खास बुटक्यांच्या पलटणी उभ्या राहिल्या. झुंजीच्या लहान चणीच्या कोंबड्यावरून त्यांना 'बँटम' म्हणत. खाणीत आयुष्यभर कोळसा फोडलेले हे गडी उंचीत नापास होते, ताकदीत नव्हते.

कोंड्यावरून गव्हाची परीक्षा

दोन युद्धांमधल्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी एक मोठी तपासणी आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू या.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला तपासणी म्हणजे घाईगर्दीचं काम होतं. डॉक्टरला तपासलेल्या डोक्यामागे पैसे मिळत, रांग दाराबाहेर असे आणि वरून दबाव एकच: माणसं द्या. जीभ दाखव, खोक, पुढचा. क्षयरोगी आणि मिरगीचे रोगीही आत गेले. पुढे सक्तीची भरती आली, आधी नाकारलेल्यांना पुन्हा बोलावून 'तंदुरुस्त' ठरवायला सुरुवात झाली आणि लोक भडकले. १९१७ मध्ये संसदेने चौकशी समिती नेमली आणि १ नोव्हेंबर १९१७ पासून तपासणीचं काम लष्कराकडून काढून नागरी खात्याकडे, राष्ट्रीय सेवा मंत्रालयाकडे दिलं. आता मंडळावर साधे नागरी डॉक्टर बसले. पट्टी ज्याच्या हातात होती तो हातच बदलला, आणि निकालही बदलला.

पुढच्या वर्षभरात या मंडळांनी २४ लाखांहून जास्त तपासण्या केल्या. १९२० मध्ये अहवाल छापून आला. पहिल्या श्रेणीत ३६ टक्के, दुसरीत साधारण २२-२३, तिसरीत ३१-३२, आणि चौथीत, म्हणजे कुठल्याच कामाचे नाहीत अशांत, १० टक्क्यांहून थोडे जास्त. अहवालाने हे सामान्य माणसाला कळेल असं मांडलं: दर नऊ पुरुषांत तिघे ठणठणीत, दोघे काहीसे अधू, तिघे इतके खचलेले की थोड्या श्रमांपलीकडे काही झेपणार नाही, आणि उरलेला एक कायमचा आजारी. हे 'नऊ जण' पुढची वीस वर्षं ब्रिटनच्या डोक्यातून गेले नाहीत.

त्याआधीच, सप्टेंबर १९१८ मध्ये, पंतप्रधान लॉइड जॉर्ज मँचेस्टरच्या भाषणात बोलून गेले होते की 'सी-थ्री' प्रजेच्या जिवावर 'ए-वन' साम्राज्य चालवता येणार नाही. ही लष्कराची जुनी वर्गवारी. ए-वन म्हणजे थेट आघाडीवर पाठवता येईल असा, सी-थ्री म्हणजे देशातच बसून करायच्या कामापुरता. तेव्हापासून 'सी-थ्री' ही इंग्रजीत शिवीच झाली. भिकार नाटक सी-थ्री, रडका संघ सी-थ्री.

पण या २४ लाखांत कोण होते? १९१४-१५ मध्येच जवळपास २५ लाख लोक आपणहून सैन्यात गेले होते, म्हणजे धट्टेकट्टे आधीच गेलेले. कुशल कारागीर आणि कामगार कारखान्यांसाठी, खाणींसाठी राखून ठेवलेले. १९१८ च्या वसंतात वयाची मर्यादा पन्नाशीपार नेली, त्यामुळे पोटं सुटलेले आणि गुडघे दुखणारे काकाही रांगेत आले. त्यात काहींची तपासणी एकाहून जास्त वेळा झालेली. पीठ चाळून आधीच नेलं होतं. चाळणीत उरलेल्या कोंड्यावरून गव्हाची प्रत ठरवली गेली.

हा घोटाळा नवा नव्हता. बोअर युद्धाच्या वेळी मँचेस्टरमध्ये ११-१२ हजार इच्छुकांपैकी ८ हजारांना सरळ नाकारलं होतं, तेव्हाही 'वंश बिघडला' म्हणून असाच गहजब झाला. सरकारी समिती बसली आणि १९०४ च्या तिच्या अहवालात शहाणपणाचा मुद्दा होता: भरतीला येणारा तरुण हा साऱ्या जनतेचा नमुना नव्हे, त्याच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या ऱ्हास होतोय असं म्हणता येत नाही. त्या समितीमुळे दोन चांगल्या गोष्टी मात्र घडल्या. १९०६ मध्ये गरीब शाळकरी मुलांना जेवण देण्याचा कायदा आला आणि १९०७ मध्ये शाळांत वैद्यकीय तपासणी. चुकीच्या भीतीतून बरोबर काम झाल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

शांततेच्या काळात शिपाई कोण होतो?

१९१९ नंतर सक्ती गेली, सैन्य पुन्हा ऐच्छिक झालं. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, त्या चिखलात, भाऊ गमावलेल्या घरांतून आता कोण पोरगा पाठवणार? त्यातून सरकारचं धोरण असं की पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही असं धरून खर्च करायचा. १९१९ मध्ये ठरलेला हा नियम १९३२ पर्यंत टिकला. सैन्य म्हणजे सावत्र पोर.

करार साधारण असा: सात वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी हिंदुस्थानात किंवा दुसऱ्या कुठल्या वसाहतीत, आणि पुढची पाच वर्षं राखीव दलात. पगार १९२५ मध्ये कापून नव्या शिपायाला दिवसाला दोन शिलिंगवर आणला. म्हणजे आठवड्याला १४ शिलिंग, वर खाणं-कपडे-खाट. त्याच काळात एकट्या बेकार पुरुषाला मिळणारा सरकारी भत्ता आठवड्याला १७ शिलिंग होता, मंदीत तो कापून १५ शिलिंग ३ पेन्स केला आणि १९३४ मध्ये पुन्हा १७ झाला. सात वर्षं विकून टाकायची की घरी बसून भत्ता घ्यायचा, एवढंच गणित होतं. ज्याच्या हाताला काम होतं तो या वाटेला जात नसे. १९३३ च्या जानेवारीत बेकारांचा आकडा ३० लाखांच्या घरात पोचला होता, तरीही पायदळाच्या जागा पुऱ्या भरत नव्हत्या.

मग कचेरीच्या दारात यायचा तो कोण? अठरा-एकोणीस वर्षांचा, शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली, बापाची जहाज गोदी किंवा खाण बंद, भत्त्यात बसत नाही किंवा घरच्यांना जड झालाय. उत्तरेतली गिरणगावं, वेल्समधल्या खाणींच्या दऱ्या, ग्लासगोच्या चाळी. लहानपणी मुडदूस झालेल्यांचे पाय किंचित वाकलेले. डॉक्टर त्याला उघडा करून उभा करतो, तळवे सपाट आहेत का बघतो, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो, अंतर्गळ तपासतो, छातीला नळी लावतो आणि मग म्हणतो, तोंड उघड.

तोंड उघडलं की खेळ संपायचा. दात हे नाकारण्याचं मोठं कारण होतं. आज हसू येतं, पण त्यामागे अनुभव होता. बोअर युद्धात दातांपायी शिपाई इस्पितळात दाखल होत, कारण रेशनचं बिस्कीट दगडासारखं आणि मांस चामड्यासारखं. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या शरद ऋतूत खुद्द जनरल हेगची दाढ ठणकायला लागली तेव्हा सैन्यात एकही दंतवैद्य नव्हता, पॅरिसहून बोलवावा लागला असं सांगतात. सेनापतीची दाढ दुखली की व्यवस्था कशी हलते पाहा! ४ जानेवारी १९२१ ला सैन्याचं वेगळं दंतवैद्यक दल स्थापन झालं. गरीब वस्तीत मात्र दंतवैद्याकडे जायचं ते दात काढायलाच, भरायला नाही.

आता आकड्यांच्या खोडीकडे बघा. काहींना दारावरचा सार्जंटच नजरेने मापून "नंतर ये बाळा" म्हणून घालवायचा. काहींना डॉक्टर नापास करायचा. काही आत जायचे आणि दोन-तीन महिन्यांत 'सक्षम शिपाई होण्याची शक्यता नाही' म्हणून बाहेर पडायचे. तिन्ही मिळवले की आकडा भला मोठा, फक्त डॉक्टरचे धरले की बराच लहान. ज्याला सरकारला झोडपायचं असेल तो पहिला आकडा घ्यायचा, ज्याला सरकारची पाठराखण करायची असेल तो दुसरा. दोघेही खोटं बोलत नसत.

याच काळात जर्मनीत उलटं चित्र होतं. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर बांधून टाकलं होतं आणि शिपायाची मुदत बारा वर्षांची. जागा थोड्या, बेकार अमाप. त्यामुळे जर्मन अधिकारी आंबे पारखावेत तशी पोरं पारखून घ्यायचे. ही निवडक मंडळी बघून ब्रिटिश प्रवासी घरी येऊन सांगायचे की जर्मन तरुण काय तगडे आहेत! एका बाजूला पाटीतले वरचे आंबे, दुसऱ्या बाजूला पाटीच्या तळाचे, आणि तुलना मात्र दोन बागांची.

व्यायाम की जेवण

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकनंतर ब्रिटिश सरकारला वाटलं, आपणही पोरांना कवायत शिकवावी. १९३७ मध्ये शारीरिक प्रशिक्षणाचा कायदा झाला, राष्ट्रीय तंदुरुस्ती परिषद बसली, मैदानांना आणि व्यायामशाळांना पैसे मिळाले. विरोधी बाकांवरून ओरड झाली ती साधीच: आधी पोटाला घाला, मग जोर काढायला लावा.

या ओरडीला शास्त्राचं बळ मिळालं होतं. ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेच्या जॉन बॉइड ऑर यांनी १९३६ मध्ये अकराशेवर कुटुंबांचे किराण्याचे हिशेब घेऊन उत्पन्नाप्रमाणे सहा गट पाडले. सगळ्यात खालचा गट माणशी आठवड्याला चार शिलिंगांच्या आसपास अन्नावर खर्च करत होता. त्यांचा निष्कर्ष असा की उत्तम आरोग्याला लागतो तसा आहार देशातल्या साधारण निम्म्या लोकांना मिळत नाही. दूध, फळं, भाज्या, अंडी यांचं प्रमाण उत्पन्नाबरोबर चढत जात होतं. सरकारला हे आवडलं नाही. ऑर यांना पुढे १९४९ चा शांततेचा नोबेल मिळाला तो अन्नाच्या याच कामासाठी.

त्याहून मला भिडतो तो स्टॉकटन-ऑन-टीज गावच्या आरोग्य अधिकाऱ्याचा, डॉ. मॅकगॉनिगलचा, हिशेब. १९२७ मध्ये तिथली एक घाणेरडी वस्ती पाडून ७१० माणसांना माउंट प्लेझंट नावाच्या नव्या, हवेशीर घरांत हलवलं. स्वयंपाकघर, न्हाणी, बाग, सगळं. अपेक्षा अशी की मृत्यूचं प्रमाण घटेल. पाच वर्षांत ते हजारी सुमारे २३ वरून ३३-३४ वर गेलं! गटारं आणि पाणी तपासलं तर चोख होतं. मग डॉक्टरने खर्चाच्या वह्या बघितल्या. नव्या घरांचं भाडं जवळपास दुप्पट होतं. भाडं चुकवता येत नाही, म्हणून लोकांनी ताटातलं कमी केलं. शेजारच्या न पाडलेल्या वस्तीत असं काहीच झालं नव्हतं.

सैन्याने स्वतःही हा प्रयोग करून पाहिला, जरा वेगळ्या तऱ्हेने. थोडक्यात नापास होणाऱ्या पोरांना घालवून न देता कँटरबरीच्या एका खास तळावर ठेवायचं, वेळच्या वेळी पोटभर जेवण, दात दुरुस्त, झोप पुरी, व्यायाम बेताबेताने वाढवत न्यायचा. काही महिन्यांत बहुतेक पोरं मापात बसली. वजन भराभर चढलं. वंश बिघडला नव्हता. पोरं भुकेली होती.

त्याच सुमारास, मे १९३७ मध्ये, लेस्ली होअर-बेलिशा युद्धमंत्री झाले. लंडनच्या रस्त्यांवर पादचाऱ्यांच्या पट्ट्यांजवळ लुकलुकणारे नारिंगी गोळे दिसतात ना, ते यांच्याच नावाने ओळखले जातात. त्याआधी ते वाहतूक मंत्री होते. या गृहस्थांनी दात आणि डोळ्यांचे नियम सैल केले. चष्मा असला तरी काही कामांना चालेल, दात आम्ही बसवून देऊ. भरती वाढली, नापासांचं प्रमाण घटलं. एकाही पोराचं शरीर त्यासाठी बदललं नव्हतं, हे इथे लिहून ठेवायला हवं. १९३८ मध्ये त्यांनी लायन्स या चहाघरांच्या साखळीचे प्रमुख सर इसिडोर सॅमन यांना सैन्याच्या खानपानाचे मानद सल्लागार नेमलं. तोवर पलटणीतला आचारी म्हणजे ज्याला दुसरं काही जमत नाही तो, अशीच सर्वसाधारण समजूत. पुढे १९४१ मध्ये आचाऱ्यांचं स्वतंत्र दल झालं.

उंदीर, मराठे आणि बंद दार

आपला या सगळ्याशी संबंध दोन ठिकाणी येतो.

पहिला कुन्नूरमध्ये. निलगिरीच्या डोंगरात लष्करी डॉक्टर रॉबर्ट मॅककॅरिसन आहारावर संशोधन करत होते. त्यांनी उंदरांचे गट केले आणि एकेका गटाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचं जेवण घातलं. शिखांचं जेवण, म्हणजे सबंध गव्हाच्या चपात्या, दूध, लोणी, डाळ, भाज्या, अधूनमधून मांस, खाणारे उंदीर सगळ्यांत वजनदार निघाले. मग पठाण, तिसरे मराठे, मग गुरखे, कानडी, बंगाली आणि शेवटी मद्रासी. काही जाती जन्मतःच लढाऊ असं इंग्रज मानत, आणि हा क्रम सैन्यातल्या त्या 'लढवय्या जातीं'च्या यादीशी बराच जुळत होता, आणि नेमका इथेच मुद्दा आहे. उंदरांना जात नसते. त्यांच्यात फरक पडला तो ताटामुळे. त्याच डॉक्टरने आणखी एका गटाला गरीब इंग्रजाचं जेवण दिलं: पांढरा पाव, मार्गारिन, डब्यातलं मांस, मुरंबा, गोड चहा, उकडलेली कोबी-बटाटा. ते उंदीर खुरटले, चिडके झाले आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खायला लागले. १९३६ मध्ये मॅककॅरिसन यांनी आपलं हे सगळं काम लंडनमधल्या व्याख्यानांत मांडलं. अर्थात 'मराठ्यांचं जेवण' म्हणून प्रयोगशाळेत जे वाढलं ते माणच्या दुष्काळी गावातल्या घरात रोज शिजत होतं असं कुणी समजू नये.

दुसरा संबंध जास्त कडू आहे. १९२२ च्या पुनर्रचनेत वेगवेगळ्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, प्रशिक्षणाचं ठाणं बेळगाव. कोकण आणि देशावरची पोरं तिथे जात राहिली. महारांचं दार मात्र बंद होतं. कंपनीच्या काळापासून मुंबई इलाख्याच्या सैन्यात लढलेल्या या समाजाची भरती १८९२ च्या सुमारास थांबवली गेली, कारण 'लढवय्या जातीं'च्या सिद्धान्तात ते बसत नव्हते. दापोलीचे निवृत्त लष्करी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरली, १९२१ मध्ये ती मोडली. सुभेदार रामजींचा मुलगा, डॉ. आंबेडकर, १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या स्तंभापाशी गेले तेव्हा हा ताजा इतिहास होता.

ब्रिटनमध्ये निदान टेप लावून तरी पोराला नापास करत. इथे टेप दारापर्यंत आणायचीच गरज नव्हती. उंची किती, छाती किती, हा प्रश्नच कुणी विचारला नाही, त्यामुळे या नकारांचा कुठे टक्काही निघत नाही. १९४१ मध्ये दुसरं महायुद्ध गळ्याशी आलं, व्हाइसरॉयच्या संरक्षण मंडळावर बसलेल्या आंबेडकरांनी लावून धरलं आणि त्या ऑक्टोबरात बेळगावलाच महार रेजिमेंट उभी राहिली.

पुन्हा १९३९

आता सुरुवातीच्या कोड्याचा बराचसा गुंता सुटतो. १९३५ च्या रांगेत बहुतांशी ज्यांना दुसरी वाट नव्हती ती पोरं होती. १९३९ च्या रांगेत एका वयाची जवळजवळ सगळी मुलं होती. बँकेतला कारकून, शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठातला खेळाडू. १९१८ सारखे पन्नाशीचे गृहस्थ नव्हते, वीस वर्षांचे ताजे गडी होते. आणि नियमही सैल झालेले.

पण सगळं श्रेय मोजपट्टीला देऊन टाकणं हाही अन्यायच. ही १९१८-१९ मध्ये जन्मलेली पिढी. शतक सुरू होताना इंग्लंड-वेल्समध्ये हजार बाळांतली दीडशेच्या वर पहिल्या वर्षात दगावत, १९३९ मध्ये पन्नासच्या आसपास. या मुलांना शाळेत डॉक्टरने तपासलं होतं. कुटुंबं लहान झाली होती, म्हणून ताटात थोडं जास्त पडत होतं. शाळेत अर्ध्या पेनीत एक तृतीयांश पाइंट दुधाची योजना १९३४ मध्ये सुरू झाली, तिचा लाभ त्यांच्या धाकट्या भावंडांना मिळाला. शरीरं खरंच सुधारत होती, सगळीकडे सारखी नाही एवढंच.

१५ जुलै १९३९ ला पहिली तुकडी दाखल झाली, सुमारे ३५ हजार मुलं. त्यांना 'शिपाई' न म्हणता 'मिलिशियामन' म्हणायचं ठरलं होतं, म्हणजे घरच्यांना धसका बसू नये. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, मग घरी. सुट्टीत घालायला करडी फ्लॅनेलची पँट आणि निळी टोपी. पोरं जानेवारीत परतणार म्हणून आयांनी कपाटं आवरून ठेवली असतील. सात आठवड्यांनी, ३ सप्टेंबरला, युद्ध जाहीर झालं आणि त्याच दिवशी नवा कायदा करून अठरा ते एक्केचाळीस वर्षांच्या सगळ्या पुरुषांना भरतीखाली आणलं. त्या ३५ हजारांचं जानेवारीत घरी जाणं राहूनच गेलं.